गाडीतला फ्रीज: किती लिटर, किती वॅट, आणि सकाळी गाडी सुरू होईल ना?

कैरीगूळ | ४ ऑक्टोबर, रात्री १०.१२

दिवाळी आटोपली की नऊ दिवस हरिहरेश्वर ते वेंगुर्ला असं किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं ठरलंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सासरे. गाडी डिझेल एसयूव्ही, बीएस ६. रात्री शक्यतो तंबू, कोणाच्या तरी वाडीत परवानगी काढून. सासरे सत्तरीचे आहेत, पण तंबूत आमच्याआधी घोरायला लागतात, त्यामुळे ती काळजी नाही.

आजवर थर्माकोलचा खोका आणि बर्फ यावर भागवलं. मागच्या वर्षी आंजर्ल्याला सकाळी खोका उघडला तर कोथिंबीर पाण्यावर तरंगतेय, पनीरच्या पाकिटात पाणी शिरलंय आणि सासऱ्यांची इन्सुलिनची दोन कोरी पेनं बर्फाच्या लादीला चिकटून गोठलीत. दोन्ही फेकली. दापोलीला जाऊन नवी आणेपर्यंत अर्धा दिवस गेला. त्या दिवशी परतीच्या रस्त्यावर फ्रीज घ्यायचं नक्की केलं.

आता बाजारात बघतेय तर एक चार-पाच हजारांचा सात-आठ लिटरचा 'कार फ्रीज' आहे, आणि दुसरे कॉम्प्रेसरवाले वीस हजारांपासून चाळीसपर्यंत. इतका फरक कशाचा? किती लिटरचा घ्यावा? आणि मुख्य म्हणजे रात्रभर चालवला तर सकाळी गाडी सेल्फ घेईल ना? नवरा म्हणतो सगळं होतं. तो नेहमीच म्हणतो सगळं होतं.

थंडोबा | ४ ऑक्टोबर, रात्री १०.५५

कैरीगूळताई, चार हजारवाला घेऊ नका. मी घेतला होता, आता त्यात मुलाचे क्रिकेटचे बॉल असतात.

तो फ्रीज नव्हेच. दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार पडते, दुसरी तापते, हे पेल्तिए नावाच्या फ्रेंच माणसाने १८३४ मध्ये दाखवलं. त्याच तत्त्वावर एक चकती आणि एक पंखा, झाला यांचा फ्रीज. हलणारा भाग फक्त पंखा, म्हणून स्वस्त. पण तो बाहेरच्या हवेपेक्षा फार तर पंधरा-वीस अंश खाली जातो. उन्हात उभ्या गाडीत ४५ अंश असतील तर आत २५ ते ३०. म्हणजे इन्सुलिन आपल्या दिवाणखान्यात ठेवल्यासारखं.

आणि गंमत अशी की वीजही हाच जास्त खातो. बहुतेक स्वस्त डब्यांना थर्मोस्टॅट, म्हणजे गार झालं की आपोआप बंद करणारा स्विच, नसतो, चार-पाच ॲम्पिअर अखंड ओढत बसतात. चोवीस तासांत शंभर ॲम्पिअर-तास झाले की. कॉम्प्रेसरवाला याच्या निम्म्यात तुम्हाला खरोखरचे ४ अंश देतो.

बर्फगोळा | ४ ऑक्टोबर, रात्री ११.२०

मी उलट्या बाजूने बोलणार, हलके घ्या. दोन रात्रींची सहल असती तर मी म्हटलं असतं फ्रीजवर एक रुपया घालू नका. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो, म्हणजे ९३ वॅट-तास. दहा किलोची लादी म्हणजे सव्वानऊशेच्या वर वॅट-तास गारवा, ना वायर, ना फ्यूज, ना नवऱ्याचं 'सगळं होतं'. हर्णै बंदरावर मासे असेपर्यंत बर्फाला तोटा नाही. थर्माकोलऐवजी जाड भिंतीचा बंद झाकणाचा बॉक्स घ्या, आणि लादी नुसती न टाकता पाण्याच्या बाटल्या गोठवून टाका. कोथिंबीर तरंगणार नाही, वितळलेलं पाणी प्यायलाही होतं.

पण नऊ दिवस आणि इन्सुलिन म्हटल्यावर माझा बर्फ हरला, कबूल.

औषधाची_चिठ्ठी | ५ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

औषधांच्या दुकानात बावीस वर्षं उभी आहे, म्हणून इन्सुलिनबद्दल तेवढं लिहिते.

न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत. गोठलेलं इन्सुलिन वितळून परत स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नाही, तुम्ही फेकलंत ते बरोबरच. बर्फ शून्यावर वितळतो हे खरं, पण फॅक्टरीतून नुकती निघालेली लादी शून्याच्या बरीच खाली असते. पेन तिला टेकलं की गोठणारच.

हाच धोका फ्रीजमध्येही आहे. पडद्यावर ४ दिसतं ते सेन्सरजवळचं तापमान. भिंतीच्या आत गार नळ्या असतात, तिथे टेकलेली वस्तू शून्याखाली जाऊ शकते. पेनं प्लास्टिकच्या डब्यात घालून, डबा नॅपकिनमध्ये गुंडाळून मधोमध ठेवा, भिंतीला नाही. शे-दोनशे रुपयांचं वेगळं थर्मामीटर आत टाका आणि त्यावरच विश्वास ठेवा. चालू वापरातलं पेन बहुधा फ्रीजबाहेरही काही आठवडे चालतं, पण किती दिवस आणि किती अंशांपर्यंत ते त्या त्या इन्सुलिनच्या माहितीपत्रकात बघा किंवा डॉक्टरांना विचारा. ते पेन गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र नको.

मिलीॲम्पिअर | ५ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

आता विजेचं बोलू. डब्यावर ६० वॅट लिहिलंय म्हणून त्याला २४ ने गुणून घाबरू नका. कॉम्प्रेसर सतत चालत नाही. आत ४ अंश झाले की थांबतो, ६-७ झाले की परत लागतो. ६० वॅट म्हणजे १२ व्होल्टला ५ ॲम्पिअर. दिवसातला एक तृतीयांश वेळ चालला तर ४० ॲम्पिअर-तास, निम्मा वेळ चालला तर ६०. कोकणातल्या नोव्हेंबरात, गाडी सावलीत आणि झाकण सारखं उघडत नसाल, तर पहिल्या आकड्याच्याही खाली राहाल. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात गाडी लावलीत तर दुसरा आकडा धरा.

गाडीची बॅटरी असते ७०-एक ॲम्पिअर-तासांची. पण ती सेल्फसाठी बनवलेली, पातळ प्लेटांची. क्षणभर शेकडो ॲम्पिअर द्यायचे आणि लगेच परत भरून घ्यायचे, एवढंच तिचं काम. तिला रोज निम्मी उतरवली की वर्षभरात ती राम म्हणते. शिशाच्या बॅटरीला तासभर विश्रांती देऊन मीटर लावा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. निम्म्याखाली जायचं नाही.

हिशोब सोपा आहे. रात्री दहा तासांत फ्रीज बारा-पंधरा ॲम्पिअर-तास खाईल. सकाळी निघणार असाल तर गाडीच्या बॅटरीवर एक रात्र निभेल. एकाच वाडीत दोन दिवस गाडी न हलवता बसलात तर तिसऱ्या सकाळी धक्का मारायला सासऱ्यांना उठवावं लागेल. म्हणून फ्रीजच्या आधी वेगळी बॅटरी ठरवा. चाळीस हजारांचा फ्रीज घेऊन लायटरच्या सॉकेटला लावणारे मी बरेच पाहिलेत.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. फ्रीज गार ठेवायला वीज लागते तशीच गरम सामान गार करायलाही लागते. ३२ अंशांचं दहा लिटर पाणी ५ अंशांवर आणायचं म्हणजे तीनशेहून जास्त वॅट-तास उष्णता बाहेर फेकायची. कॉम्प्रेसरला त्यासाठी दोनशेच्या आसपास वॅट-तास वीज लागते, निम्म्या दिवसाचा खुराक. तेव्हा आदल्या रात्री फ्रीज घरच्या प्लगवर लावा आणि सामान घरच्या फ्रीजमधूनच गार करून भरा.

कैरीगूळ | ५ ऑक्टोबर, दुपारी १.४०

बाप रे, किती शिकायला मिळतंय. वाचनखूण साठवली.

नवऱ्याची नवी कल्पना: घरच्या इन्व्हर्टरची १५० ॲम्पिअर-तासांची बॅटरी आहेच, ती डिकीत टाकू. मी गप्प बसले, तुम्ही बोला.

मिलीॲम्पिअर | ५ ऑक्टोबर, दुपारी १.५२

नको!!! पन्नास-साठ किलोचं धूड, आत ॲसिड, चार्ज होताना हायड्रोजन. वरंधा घाटाच्या वळणावर ते कलंडलं तर डिकी गेली आणि बंद काचांच्या गाडीत तो वास तुम्ही घेणार. शिवाय मागे तुमच्याकडे लाइट गेली की घरी उरलेल्यांनी काय करायचं?

निवृत्त_लाइनमन | ५ ऑक्टोबर, सायंकाळी ६.१०

सर्वांना नमस्कार. छत्तीस वर्षे खांबावर चढलो, आता नातवाच्या गाडीची वायरिंग करतो. सगळे बॅटरीवर बोलले, वायरीवर कोणीच नाही. मला विचाराल तर यातले निम्मे फ्रीज वायरीने मरतात.

घरात २३० व्होल्ट असतात, त्यातले दोन वायरीत गेले तर कोणाला कळतही नाही. गाडीत मुळात बारा. त्यातले दोन गेले तर राहिलं काय? पाच मीटर लांबीची वायर घ्या. वीज जाते आणि परत येते, म्हणजे दहा मीटर तांबं झालं. फ्रीजला पाच ॲम्पिअर. अर्धा स्क्वेअर एमएम जाडीची वायर असेल, जी बाजारातल्या स्वस्त एक्स्टेंशनमध्ये असते, तर वाटेतच पावणेदोन व्होल्ट जातात. दीडची वायर घेतली तर अर्ध्या व्होल्टच्या थोडे वर. चारची घेतली तर पाव व्होल्टच्या आत. चार स्क्वेअर एमएमच्या पाच मीटर वायरीला खर्च किती, एका थाळीचा.

दुसरे. त्या लायटरच्या सॉकेटवर भरवसा ठेवू नका. सिगारेट पेटवायला दहा सेकंदांपुरते केलेले ते यंत्र. स्प्रिंगच्या टोकावर सगळा करंट जातो आणि खडबडीत रस्त्यावर पिन हलते. रात्री पिनेला हात लावा, पोळत असेल तर समजा. बॅटरीपासून वेगळी वायर ओढा, बॅटरीच्या टोकाजवळ वीतभर अंतराच्या आत फ्यूज घाला, १५ ॲम्पिअरचा. फ्यूज फ्रीजजवळ घालून उपयोग नाही. मधली वायर बॉडीला घासली तर जळणार ती मधलीच.

मेलबर्नकर | ६ ऑक्टोबर, पहाटे ४.२०

लाइनमन काकांना साष्टांग. ऑस्ट्रेलियात फोर-व्हील ड्राइव्ह घेऊन फिरणाऱ्यांत फ्रीज ही चैन नाही, पाण्याच्या कॅनइतकी रोजची गोष्ट आहे. माझ्या शेजाऱ्याकडे त्याच्या वडिलांचा एंगेल या जपानी कंपनीचा फ्रीज आहे, तो अजून चालतोय. आतलं यंत्र बरंचसं सारखंच असतं. युरोपीय फ्रीजमध्ये बऱ्याचदा डॅनफॉसचा बीडी ३५ कॉम्प्रेसर सापडतो, आता तो सेकॉप नावाने येतो. घेताना लिटर विचारण्याआधी कॉम्प्रेसर कोणाचा आणि त्याची वॉरंटी किती ते विचारा. डबा कोणीही बनवतो.

तुमची गाडी बीएस ६ आहे म्हणून एक सांगतो. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर, आपल्याकडे अजून डायनामो म्हणतात तो, डिझेल वाचवायला मधूनमधून व्होल्टेज पाडतो. दुसरी बॅटरी त्याला थेट जोडली तर ती कधी नीट भरतच नाही. मध्ये डीसी-डीसी चार्जर घाला, तो आत येईल ते व्होल्टेज वर-खाली करून बॅटरीला हवं ते देतो. आणि निगेटिव्हची वायर बॅटरीच्या टोकाला नाही, बॉडीला जोडा. बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह टोकावर एक सेन्सर असतो. त्याला वळसा घातला की गाडीला बॅटरीची खरी स्थिती कळत नाही. नव्या गाडीच्या वॉरंटीचं काय ते आधी शोरूममध्ये लेखी विचारून घ्या.

तिसरा एक प्रकार असतो, गॅसवर चालणारा. स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधला. आवाज शून्य, पण सपाट जागा लागते आणि ज्वाला असते. तंबूत किंवा बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडची भीती. तुमच्या कामाचा नाही.

बंड्या_ईव्ही | ६ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

आमच्याकडे असले प्रश्नच नाहीत. नेक्सॉन ईव्हीला २०२३ च्या मॉडेलपासून गाडीतून २३० व्होल्ट बाहेर काढता येतात. फ्रीज दिवसाला अर्धा युनिट खाणार, बॅटरी तीस-चाळीस युनिटांची. मिक्सर लावून चटणी वाटली आहे किनाऱ्यावर.

बर्फगोळा | ६ ऑक्टोबर, सकाळी १०.३४

आणि मग चार्जरसमोर रांगेत बसून ती चटणी खाल्ली का?

बंड्या_ईव्ही | ६ ऑक्टोबर, सकाळी १०.४१

... हो.

स्पितीचा_वेडा | ६ ऑक्टोबर, दुपारी ३.००

धाग्याचं अपहरण करत नाही, पण लगे हाथ विचारतो. मी एप्रिलच्या शेवटी काझाला जाणार. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर थंडीत चालेल का?

मिलीॲम्पिअर | ६ ऑक्टोबर, दुपारी ३.२५

वीज देईल, घेणार नाही. शून्याखाली तिला चार्ज केलं तर आत धातूरूप लिथियम साचतं आणि ती कायमची बिघडते. चांगल्या बॅटरीची आतली बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, स्वतःच चार्जिंग अडवते, तरी घेण्याआधी ते खात्रीने विचारा. रात्री डिकीत न ठेवता केबिनमध्ये पांघरूण घालून ठेवा आणि सकाळी हीटरने केबिन गरम झाल्यावरच चार्जर चालू करा. अर्थात काझाला एप्रिलात फ्रीज कशाला हवा ते मला कळलेलं नाही. दूध खिडकीत ठेवा.

कैरीगूळताईंसाठी मात्र हीच बॅटरी. १२.८ व्होल्ट, ५० ॲम्पिअर-तास म्हणजे ६४० वॅट-तास, त्यातले ऐंशी-नव्वद टक्के बिनधास्त वापरा. वजन पाच-सात किलो. तुम्ही रोज दोन-तीन तास गाडी चालवणार, २० ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर त्यात ४० ते ६० ॲम्पिअर-तास भरेल. शंभरची गरज नाही, ते पैसे वायरीत घाला.

'पॉवर स्टेशन', म्हणजे उचलून नेता येणारी तयार बॅटरीची पेटी, घेणार असाल तर एकच सूचना. १,३५,००० एमएएच बघून भुलू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेला असतो. गुणून बघा, ५०० वॅट-तास. बारा व्होल्टच्या भाषेत ४१-४२ ॲम्पिअर-तास फक्त. आणि त्याच्या २३० व्होल्टच्या प्लगवर फ्रीजचा ॲडॉप्टर लावू नका. बाराचे २३० आणि २३० चे परत बारा करण्यात वीज फुकट तापते. बारा व्होल्टच्या तोंडातूनच घ्या.

गणपतीपुळे_रिटर्न | ६ ऑक्टोबर, रात्री ९.१५

सोलर कोणी बोललंच नाही? टपावर १०० वॅटचं पॅनेल टाका की.

मेलबर्नकर | ७ ऑक्टोबर, पहाटे ३.५०

टाका, पण गाडी माडाच्या सावलीत आणि पॅनेल टपावर म्हणजे पॅनेलही सावलीत. एखाद्या झावळीची सावली पडली तरी निम्मी वीज जाते. गाडी उन्हात काढली तर फ्रीजला घाम. सुटं घडीचं पॅनेल आणि लांब जाड वायर हाच उपाय, चांगल्या उन्हात दिवसाला ३००-४०० वॅट-तास मिळतील. रोज गाडी चालवणाऱ्यांना ते लागतही नाही. एकाच जागी मुक्काम करणाऱ्यांसाठी मात्र उत्तम.

मालवणी_खाजा | ७ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

माका एक सांगा, सुरमई फ्रीजात चार दिस ठेवतलास तर मगे ती खातलास कित्याक? हंय रोज ताजी गावता. वेंगुर्ल्याक येताहास तर फ्रीज घराक ठेवन येवा!

कैरीगूळ | ७ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

हाहा, येतेच. पण लेकीला दही लागतं आणि नवऱ्याला गार पाणी. सुरमई तुमच्याकडचीच ताजी.

कैरीगूळ | १२ ऑक्टोबर, रात्री ९.५०

घेतला. ३५ लिटर, एकाच कप्प्याचा. दोन कप्प्यांचा, एकीकडे फ्रीझर, एकीकडे फ्रीज, बघून मोह झाला होता. पण उणे तापमान ठेवायला वीज जास्त, आणि आम्हाला गोठवायचं काहीच नाही. दुकानात लीटरची दुधाची बाटली उभी करून बघितली. एका मॉडेलमध्ये ४० लिटर लिहूनही बाटली आडवीच बसत होती, कारण कॉम्प्रेसरचा उंचवटा नेमका तिथे. तेव्हा घरून बाटली घेऊन जा, सेल्समन हसला तर हसू द्या. झाकण वरून उघडणारं घेतलं. गार हवा जड, ती आतच बसून राहते. उभ्या दाराच्या फ्रीजमध्ये दार उघडलं की पायावर सांडते.

डिकीत ५० ची बॅटरी आणि चार्जर ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून लावले, फ्यूज बॅटरीपासून वीतभर. लाइनमन काका, खूश? बाहेर तंबूजवळ फ्रीज ठेवायचा झाला तर पाच मीटरची तयार एक्स्टेंशन घेतली, ऑनलाइन तीनशे रुपये.

निवृत्त_लाइनमन | १२ ऑक्टोबर, रात्री १०.०२

फ्यूजबद्दल खूश. त्या तीनशेच्या एक्स्टेंशनवर किती स्क्वेअर एमएम लिहिले आहे ते बघून कळवा.

(यानंतर माझं बघायचं राहून गेलं. पुढे वाचा. — कैरीगूळ)

कैरीगूळ | ९ नोव्हेंबर, रात्री ८.३०

आलो परत. सविस्तर लिहिते, कारण तुम्हा सगळ्यांचं ऐकलं आणि एक गोष्ट नाही ऐकली.

निघायच्या आदल्या रात्री फ्रीज घरच्या प्लगवर, 'मॅक्स'वर. सकाळी सामान घरच्या फ्रीजमधून थेट त्यात, मग 'इको'वर, ४ अंश. इन्सुलिन नॅपकिनमध्ये, मधोमध, सोबत थर्मामीटर. पडद्यावर ४ असताना मध्ये ५ आणि तळाशी भिंतीजवळ दीड. औषधाची_चिठ्ठी ताई, तुमचे पाय धरते.

बाणकोटच्या खाडीवर बागमांडल्याहून वेश्वीला फेरी. गाडी बोटीत चढवून इंजिन बंद केलं की डिकीतून फ्रीजचा घुं-घुं आवाज यायचा, शेजारच्या गाडीतले आजोबा वाकून बघायला आले. दिवसभराचा हिशोब मी बॅटरीचा करंट मोजणाऱ्या मीटरवरून वहीत लिहीत होते. पहिल्या चोवीस तासांत ३१ ॲम्पिअर-तास. दिवसा बाहेर ३३ अंश होते. गाडी चालू असताना सगळं भरून यायचं, मुक्कामाला पोचताना बॅटरी पूर्ण.

गडबड आंजर्ल्यालाच व्हायची होती. वाडीतली जागा सुंदर, पण गाडीपासून तंबू थोडा लांब. नवरा म्हणाला फ्रीज तंबूच्या पडवीत घेऊ, रात्री मुलीला पाणी लागतं. तीनशेची एक्स्टेंशन काढली.

रात्री पावणेदोनला बीप. उठून बघितलं तर पडदा काळा. मिनिटभराने परत चालू झाला, कॉम्प्रेसर घुरघुरला, पडद्यावर व्होल्टेजचा आकडा १३.१ वरून सरसर खाली: १२.४, ११.६, ११.०. बीप. बंद. परत १३.१. मी टॉर्च घेऊन त्या आकड्याकडे बघत बसले, हे असं सात वेळा झालं. सासरे तंबूतून म्हणाले, "अगं, कोणाचा फोन येतोय, उचल की."

नवऱ्याला वाटलं बॅटरी उतरली. मीटर बघितला तर बॅटरीत अजून ७० टक्के. मग मला लाइनमन काकांची पोस्ट आठवली. एक्स्टेंशनच्या पिनेला हात लावला आणि झटकन काढला. पोळली. वायरीवर काहीच लिहिलं नव्हतं, कापून बघितल्यावर आत केसासारख्या चार तारा. फ्रीजचं बॅटरी संरक्षण 'हाय'वर होतं, माझ्या मॅन्युअलप्रमाणे ते ११.१ ला कापतं. कॉम्प्रेसर लागला की वायरीतच दोन व्होल्ट गायब, फ्रीजला वाटायचं बॅटरी मेली, तो थांबायचा. थांबला की करंट नाही, मग व्होल्टेज परत वर.

फ्रीज उचलून डिकीत ठेवला, मूळच्या छोट्या वायरीवर लावला, आवाज बंद. सकाळी थर्मामीटरवर ७. म्हणजे पेनं वाचली, जेमतेम.

गुहागरला एका ऑटो इलेक्ट्रिशियनने चार स्क्वेअर एमएमची वायर, दोन्ही टोकांना अँडरसन कनेक्टर (घट्ट बसणारे जाड जोड), अर्ध्या तासात करून दिली. नंतर पडवीतही पडद्यावर १२.८ च्या खाली आकडा गेला नाही. आणि संरक्षण 'लो'वर ठेवलं, कारण वेगळ्या बॅटरीला तिची बीएमएस आहेच. 'हाय' फक्त गाडीच्या बॅटरीवर लावताना.

मिलीॲम्पिअर | ९ नोव्हेंबर, रात्री ९.०५

झकास वृत्तांत. एक पुरवणी: या लिथियमचं व्होल्टेज भरलेली असो की पाव उरलेली, जवळजवळ १३ च्या आसपासच राहतं. व्होल्टेजवरून किती उरलंय ते कळत नाही. तुमच्याकडे करंट मोजणारा मीटर होता म्हणून ७० टक्के दिसले. तो नसता तर तुम्ही रात्री दोनला इंजिन चालू करून बसला असता.

निवृत्त_लाइनमन | ९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

केसासारख्या चार तारा. त्या तुकड्याचा फोटो टाका ताई, नातवाला दाखवतो.

थंडोबा | ९ नोव्हेंबर, रात्री १०.००

डिकीत फ्रीजच्या जाळीसमोर काय होतं? आमच्याकडे तिथे झोपायच्या पिशव्या कोंबल्या जातात आणि मग कॉम्प्रेसर तासन् तास थांबत नाही.

कैरीगूळ | ९ नोव्हेंबर, रात्री १०.२०

पहिल्या दिवशी आमच्याही पिशव्याच होत्या. मग लेकीची वाळूत खेळायची बादली उपडी घालून चार बोटं जागा ठेवली, आठ दिवस तीच. अर्धा फ्रीज रिकामा झाला की पाण्याच्या बाटल्या भरत गेलो.

मालवणी_खाजा | १० नोव्हेंबर, सकाळी ८.१५

ता सगळा रवांदे. सुरमईचा काय झाला?

कैरीगूळ | १० नोव्हेंबर, सकाळी ८.४०

वेंगुर्ल्याच्या बाजारात घेतली, दीड किलोची. फ्रीजमध्ये ठेवायला गेले तर सासऱ्यांनी झाकणावर हात ठेवला. म्हणाले, माझ्या इन्सुलिनला माशाचा वास लागेल. शेवटी मासेवालीकडूनच थर्माकोलचा खोका आणि दोन किलो बर्फ घेतला.